शेठ, तुम्ही कबूल काहीच केलं नव्हतं

साल दोन हजार पंचवीस. माझं वय चौऱ्याहत्तर, तुमचं अठ्ठ्याहत्तर, आणि तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्यात तिसऱ्या दिवशी उठावण्याची शोकसभा झाली की दुकान उघडतात, माणसं कामाला लागतात. तुमच्या राजूनंही उघडलं. मला मात्र अजून तुमच्या दुकानाकडं सरळ बघवत नाही. शटर वर जाताना आवाज झाला की मान आपोआप वळते, आणि मग मीच ती धरून दुसरीकडं फिरवतो.

राजू आला होता. म्हणाला, "बबनकाका, पप्पांची छोटी पुस्तिका काढतोय. सगळे चार-चार ओळी देतायत. तुम्ही पण द्या." मी म्हटलं, "माझी शाळा तिसरीपत्तोर. माझ्या चार ओळींना चार दिवस लागतील." तो म्हणाला, "मग चार दिवस घ्या." तुमच्यासारखंच बोलतो पोरगा. आवाज न चढवता माणसाला अडकवतो.

तुमचा जन्म कधीचा, दुकान कधी टाकलं, नातवंडं किती, ते बाकीचे लिहितील. मी नुसता तुमच्याशी बोलणार आहे. अकरा महिने एका भिंतीला पाठ लावून आपण बसलो आणि मी बोललो नाही. आता तुम्ही ऐकायला नाही तर मला बोलायचं सुचतंय. असला मी माणूस. तुम्हाला नवीन नाही.

पिंपळवंडीहून एक स्टो, दोन पातेली आणि एक बाकडं घेऊन मी ह्या पेठेत मिसळ-चहा विकायला आलो, तेव्हा तुमच्या शेजारचा तो बोळासारखा गाळा कुणी घेत नव्हतं. आत माणूस उभा राहिला की पातेल्याला जागा नाही आणि पातेलं ठेवलं की माणसाला नाही. बाकडं ठेवायचं कुठं? दारात ऊन मरणाचं. तुम्ही गादीवरून बघत होता. उठून बाहेर आलात, तुमच्या दुकानापुढं कापडी छत होतं, त्याच्या सावलीत माझं बाकडं स्वतः ओढून ठेवलंत. मी म्हटलं, "शेठ, तुमच्या गिऱ्हाईकाला अडचण व्हईल." तुम्ही म्हणालात, "बायका दोन-दोन तास लुगडी बघतात हो. नवऱ्यांना बसायला जागा नको का?"

हे असं झालं होतं. बाकडं तुमच्या सावलीत, तुमच्या शब्दावर. पुढं एकाची दोन झाली, दोनाची चार. तुमच्या दारापुढचा फुटपाथ भरला आणि मिसळ खायला ओतूरहून, नारायणगावहून माणसं यायला लागली. चाळीस वर्षांत मी हळूहळू विसरलो की ती जागा मला कुणी तरी दिली होती. मला वाटायला लागलं, ती माझीच आहे. बापजाद्यांपासून आहे. माझ्या बापानं ही पेठ कधी पाहिलीसुद्धा नव्हती.

सकाळी पातेल्यात आलं टाकायच्या आधी एक कप चहा बाजूला काढायचा, ही माझ्या हाताची सवय. तुम्ही जमिनीखालचं काही खात नाही, आलंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी आल्याचा चहा दिला होता, तुम्ही तो तसाच ठेवून मला समजावलंत आणि वर म्हणालात, "माफ करा, तुमचा चहा वाया गेला." माझा चहा वाया गेल्याबद्दल माझी माफी मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अकरा महिने न बोलता काढले, पण शेठ, एक सांगतो, तो कप मी रोज काढला. पाठवला नाही. काढायचो, गार व्हायचा, मग मीच प्यायचो. संतोष बघायचा आणि पातेल्यात आलं टाकायचा. माझा पोरगा आहे, बापाला ओळखतो.

आपण डिंभ्याला गेलो होतो, आठवतं? माझ्या बहिणीकडं. तुम्हाला धरण बघायचं होतं. परतीची एसटी आलीच नाही. ऊन कलायला लागलं तसे तुम्ही घड्याळात बघायला लागलात, कारण सूर्य बुडाला की तुमच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. बहिणीच्या घरात तर सकाळी नदीतून आणलेले मासे चुलीवर. ती बिचारी म्हणाली, "पावणं, भाकरी तरी खावा, तवा धुऊन देते." तुम्ही हात जोडलेत, "ताई, तुमचा तवा चांगलाच आहे, माझंच पोट वाईट आहे." मी शेजारपाजार पालथा घातला आणि मूठभर शेंगदाणे न् गुळाचा खडा घेऊन पळत स्टँडावर आलो. तुम्ही तिथं पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, डोंगराकडं तोंड करून बसला होता.

"किती राहिलं, बबनराव?"

"अजून बोटभर हाय. चावा लवकर."

"दात कुठं तेवढे राहिले."

"मग गिळा! तुमच्या धर्मात चावायचाच नियम हाय का?"

हसता हसता तुम्हाला ठसका लागला, आणि ठसक्यात सूर्य बुडाला, आणि शेवटचे चार दाणे तुम्ही माझ्या हातावर परत ठेवलेत. एसटीत सगळ्या वाटेवर मी तुम्हाला चिडवत होतो, की चार दाण्यांनी काय तुमचा देव रुसणार होता का? तुम्ही म्हणालात, "देवाचं नाही हो. मी माझ्याशी बोललोय, मग मोडायचं कसं?" मला तेव्हा ते लई साधं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आणि तुमची ती संवत्सरी. तुमचे पर्युषणाचे उपास संपले की दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढरे कपडे घालून पेठेत दुकान-दुकान फिरायचात. प्रत्येक पायरीशी उभं राहून हात जोडायचे. "वर्षभरात बोलण्यात, वागण्यात, कळत-नकळत मन दुखावलं असेल, तर क्षमा करा." पहिल्या वर्षी मी दचकलोच. म्हटलं, ह्या माणसानं आपलं केलंय तरी काय? विचारलंसुद्धा, "काय झालं शेठ, काय लपवून ठिवलंय?" तुम्ही पोट धरून हसलात. मग सांगितलंत, की ही रीत आहे. केलेल्याची तर मागायचीच, पण न कळता केलेल्याचीही मागायची. भंगारवाल्याची मागायची, वैऱ्याची आधी मागायची. पुढं दरवर्षी तुम्ही हात जोडायचे आणि मी म्हणायचं, "आमचं काय दुखतंय शेठ, आमी दगुड. च्या घ्या." झाली माफी. चाळीस वर्षं हे असं चाललं. मला ती रीत ठाऊक होती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मला ठाऊक नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको.

आता गेल्या सालचं लिहितो. हात जड होतोय, पण लिहितो.

आषाढात सुशीलावहिनी पडल्या. दुपारची वेळ, माझी चारी बाकडी भरलेली, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. वहिनी तुम्हाला डबा देऊन दुकानातून घरी निघालेल्या, त्या बाकडी चुकवायला खाली रस्त्यावर उतरल्या आणि मोटारसायकलचा धक्का बसला. खुबा मोडला. मी धावलो, रिक्षा आणली, सगळं केलं. पण ती बाई माझ्या बाकड्यांपायी रस्त्यावर उतरली, हे मी तोंडातून काढलं नाही. त्या मोटारसायकलवाल्याला शिव्या दिल्या. गर्दीला दिल्या. पेठेत येणाऱ्या पिकअपवाल्यांना दिल्या.

आठवड्यानं तुम्ही माझ्याकडं आलात. हळूच म्हणालात, "बबनराव, एक बाक आत घ्या. माणसाला चालण्यापुरती वाट राहू द्या."

मी म्हटलं, "कुठं घेऊ आत? पातेल्यात?"

"माझ्या दारातलं एक काढा. बस, एक."

"म्हंजी मीच पाडलं व्हय वहिनींना?"

"मी तसं म्हणालो का?"

"म्हणाला न्हाई. पर आलात त्याच्यासाठीच ना."

तुम्ही वळून परत तुमच्या गादीवर गेलात. एक बाकडं, शेठ. एक बाकडं मी उचलून उलटं भिंतीला लावलं असतं तर हे पुढचं काही झालं नसतं. पण मला वाटलं, आज एक काढलं की उद्या दुसरं काढायला सांगतील, आणि पेठेत लोक म्हणतील, बबननं चूक मानली.

त्याच महिन्यात नगरपरिषदेचा माणूस एक कागद देऊन गेला. कागद आला की मी कुठं जायचो? चाळीस वर्षं तुमच्या गादीवर. विजेचं बिल असो, तलाठ्याचा उतारा असो, पोराच्या कॉलेजचं असो, तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घ्यायचात आणि वाचायचात, आणि मग त्याचा अर्थ सांगायचात. मला अक्षरं लागतात, पण सरकारी कागदाचा अर्थ लागत नाही. आणि तेव्हा तर आपलं बोलणं आखडलेलं. संतोषला वाचायला द्यावा तर तो म्हणणार, बाकडी हलवा. मी तो कागद खिळ्याला टोचून ठेवला. तिथंच राहिला.

त्यात काय होतं ते मला आत्ता कळलंय. सगळ्या पेठेला नवा नियम झाला होता. फुटपाथवर पांढरी पट्टी ओढणार, पट्टीच्या बाहेरचा भाग चालणाऱ्यांचा. आतल्या भागात ज्यानं त्यानं आपल्या दुकानापुढंच खुर्च्या-टेबलं मांडायची, त्याचा परवाना घ्यायचा. ज्यूसवाल्यानं घेतला. वडापाववाल्यानं घेतला. चायनीजवाल्या पोरांनीसुद्धा मुकाट्यानं स्टुलं पट्टीच्या आत ओढली. मी एकटा राहिलो, कारण माझा कागद खिळ्याला होता. मग श्रावणात ट्रॅक्टर आला आणि माझी चारी बाकडी उचलून घेऊन गेला. दुसऱ्या कुणाचं काही नेलं नाही. माझीच. मी मुकादमाला विचारलं, "माझीच का?" तो म्हणाला, "तक्रारी येतात, आजोबा, म्हणूनच नियम झालाय ना." तो घाईत होता, बोलून निघून गेला.

बास. माझ्या डोक्यात तेवढंच शिरलं. वहिनी पडल्या, शेठ बाकडं काढा म्हणाले, मी काढलं नाही, शेठनी तक्रार केली. एवढं सरळ. समोर नगरपरिषद, चालत गेलं तर शंभर पावलं, खिडकीत एक प्रश्न विचारायचा. मी गेलो नाही. माझ्या जागेवर बसायला मी परवाना मागू, आणि माझ्यावर कुणी तक्रार केली ते विचारायला मी खिडकीत वाकू? मी नाही वाकलो.

तीन आठवड्यांनी संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. निर्जळी उपासानं तोंड सुकलेलं, काठी टेकत. माझी गिऱ्हाइकं त्या दिवसांत उभ्यानं मिसळ खात होती, दहा-बारा माणसं असतील. तुम्ही पायरीशी थांबून हात जोडलेत आणि दरवर्षीचंच बोललात.

मी काय बोललो, ते मला पाठ आहे. अकरा महिने दुसरं काही पाठच झालं नाही.

"ऐकलं का रं समद्यांनी! शेठ माफी मागत्यात. केलंय म्हणूनच मागत्यात ना? न केल्याची कोण मागंल?"

तुमचे हात तसेच जोडलेले. "बबनराव, ही दरवर्षीची..."

"दरवर्षी माझी बाकडी कुठं जात व्हती?"

गिऱ्हाइकांतला एक जण हसला. तुम्ही त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं. तुम्हाला ज्याची वाटतेय, त्याची मागितली समजा." आणि हात न सोडता शेजारच्या दुकानाकडं गेलात.

त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. सलूनमध्ये सांगितलं, कासारणीला सांगितलं, पानवाल्याला, भांडीवाल्याला, रसवंतीवर, ओझरला चतुर्थीला गेलो तिथं रांगेत भेटलेल्यांना सांगितलं, की कांतीशेठनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. हात जोडून कबूल केलं. लोकांनी ऐकलं. बबन चाळीस वर्षं शेजारी आहे, तो खोटं कशाला बोलेल?

तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. एकदाही नाही. राजूनं माझ्याशी भांडावं म्हणून तुम्ही त्याला काही शिकवलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तोही येता-जाता "काका" म्हणायचाच.

ज्येष्ठात तुम्ही अंथरूण धरलं. दुकानात यायचे बंद झालात. रिकामी गादी मला माझ्या चुलीजवळून दिसायची. राजू एकदा आला, म्हणाला, "काका, पप्पा आठवण काढतात."

मी म्हटलं, "माझी काढत्यात का माझ्या बाकड्यांची?"

पोराचं तोंड उतरलं. पायरी उतरून गेला. संतोष आतून आला आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "आण्णा, माणूस जायला टेकलाय." मी म्हटलं, "गेला तर जाऊ दी." शेठ, हे मी म्हणालो. कढई ढवळत म्हणालो. लिहून ठेवतो, कारण मी हे विसरून जाईन अशी मला भीती नाही, मी हे लपवीन अशी भीती आहे.

मग तुम्ही गेलात.

सकाळचे साडेसात. तुमच्या घरापुढं माणसं जमायला लागली, आणि बसायला काही नाही. ह्या पेठेत आजवर कुणाच्याही दारी मयत झाली की माझी बाकडी जायची. मागावी लागत नव्हती, मीच पोरांना लावून उचलून पाठवायचो. त्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे होते. म्हातारी माणसं ओट्याच्या कडेला. मी माझ्या दारात उभा राहून ते बघितलं, आणि माझे पाय आपण होऊन नगरपरिषदेकडं निघाले. शंभर पावलं. वर्षभर जी टाकली नाहीत ती.

कचेरी अजून उघडायची होती. एक अभियंता बाई तेवढ्या लवकर आलेल्या, बाहेरगावच्या आहेत, वयानं माझ्या नातीएवढ्या. मी म्हटलं, "बाई, माझी बाकडी पायजेत. शेजारी मयत झालीया." त्यांनी रजिस्टर काढलं नाही, अर्ज मागितला नाही, गोदामाची किल्ली घेऊन माझ्याबरोबर चालायला लागल्या. चालता चालता मी विचारलं. का विचारलं, मलाही कळलं नाही.

"आता माणूस गेला. आता तरी सांगा. माझ्यावर तक्रार त्यांनीच दिली व्हती ना?"

बाई थांबल्या. "कसली तक्रार, आजोबा?"

"बाकड्यांची."

"तुमच्यावर कुणाचीच तक्रार नव्हती. पेठ सगळी मोजली, सगळ्यांना नोटिसा दिल्या. तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून साहित्य आणलं. नंतर कधीही या, परवाना घ्या, घेऊन जा, असं त्यातच लिहिलं होतं. मला वाटायचं, तुम्हाला नकोच आहेत बाकडी."

मी गोदामाच्या दाराशी खाली बसलो. बाईंनी पाणी आणलं. मी त्यांना काय सांगणार? की माझा वाचणारा माणूस शेजारी बसलेला होता आणि मी त्याच्याकडं गेलो नाही, म्हणून मी त्यालाच चोर ठरवला?

बाकडी आणली. धूळ होती, मी माझ्या हातानं पुसली. तुमच्या दारी मांडली. आणि शेवटच्या बाकड्यावर मी बसलो होतो, तुम्हाला उचलायची वेळ होत आली होती, तेव्हा माझ्या शेजारच्या दोघांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "जाऊ द्या आता. तक्रार केली असंल-नसंल. कबूल केलं व्हतं म्हणं त्यांनी. माणूस गेला, आता काय धरायचं?" समोर राजू उभा होता. त्यानं ऐकलं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी उठून बोलायला पाहिजे होतं. तिथंच, तुमच्या पायाशी. मी खाली बघत राहिलो. खांदा द्यायला गर्दी झाली, मी मागं राहिलो, आणि जिथं मला पुढं व्हायला पाहिजे होतं तिथं मी गर्दीत लपलो. शेठ, लोक म्हणतात बबन कुणाला भीत नाही. बघा कसा भ्यालो.

तुमच्या नावावर तो डाग घेऊन तुम्ही गेलात, आणि तो मी लावला, हे तुम्हाला माहीत होतं. हे मला सहन होत नाही. तुम्हाला माहीत नसतं तर बरं झालं असतं. उठा ना, शेठ. एकदा उठा, मला चार माणसांत शिव्या द्या. तुम्हाला शिव्या येत नाहीत, मी शिकवतो.

उठावण्याच्या दिवशी सगळे उठून गेल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. काठी घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बबनराव, एक विचारायचं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली. माझी, मुलांची, भांडी घासणाऱ्या बाईची. तुमचं नाव आलं तेव्हा म्हणाले, बबनरावांची मागून झालीय, पण त्यांनी दिली का नाही, ते कळलं नाही. तुम्ही दिली होती का?"

मी म्हटलं, "वहिनी, तुमी पडला ते माझ्या बाकड्यांपायी."

"ते मला माहितीय," त्या म्हणाल्या. "माझं नंतर बघू. त्यांचं सांगा."

"मी कोण देणारा, वहिनी? त्यांनी काय केलंच नव्हतं. मी कचेरीत विचारलं."

"मग हे तुम्ही मला का सांगताय? मला माहीत होतं." त्यांनी काठी दाराकडं केली. "ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा."

घरी येऊन जेवलो नाही. संतोषनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उद्या चूल तू पेटव, मला काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पेठेच्या पार वरच्या टोकाला गेलो, दत्तूच्या सलूनपासून सुरुवात करायला. पायात चप्पल घालायची राहिली ते वाटेत कळलं, तरी परत फिरलो नाही. दत्तू एकाची दाढी करत होता. नेमका तोच, बाकड्यावर माझ्या शेजारी बसून बोलणारा. मी दारातच उभा राहिलो.

"या बबननाना, बसा. दोन मिंटं."

"बसायला न्हाई आलो. दत्तू, कांतीशेठनी तक्रार केली न्हवती. त्यांनी कबूल काय बी केलं न्हवतं. मी खोटं बोललो."

दत्तूचा वस्तरा हातातच राहिला. "मग तक्रार कुणाची व्हती?"

"कुणाचीच न्हाई."

"म्हंजी वरीसभर तुमी..."

"व्हय."

खुर्चीतला माणूस अर्ध्या तोंडाला साबण घेऊन वळला. "अवो, मग मी परवा राजूच्या म्होरं बोललो ते?"

"ते तुमचं न्हवतं. ते माझंच बोलणं, तुमच्या तोंडून निघालं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. दत्तूनं हातातलं खाली ठेवलं आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं, "टेका जरा, नाना. घाम आलाय तुमाला. पायांत चप्पल बी न्हाई."

मी म्हटलं, "बसलो तर उठायचो न्हाई," आणि शेजारच्या कासारणीच्या दुकानाची पायरी चढलो.